जनुकीय चाचणी : रक्त काढण्याआधी काय काय ठरवायचं?

रेणूसूत्र

जनुकीय चाचण्यांच्या नैतिक बाजूवर चर्चा सुरू झाली की ती लगेच 'हवं तसं बाळ' या विषयाकडे वळते. रोजच्या अडचणी मात्र फार साध्या ठिकाणी असतात. संमतिपत्रावरच्या कुठल्या चौकटीत खूण केली, रिपोर्ट कोणाच्या हातात पडला, सख्ख्या भावाला कळवायचं की नाही. यातलं बहुतेक सगळं नमुना देण्यापूर्वी ठरवता येतं. निकाल हातात आल्यावर ठरवायला बसलं तर उशीर झालेला असतो, कारण एकदा कळलेलं परत पुसता येत नाही. म्हणून हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर स्पष्ट सांगावं.

सगळ्यात आधी चाचणी कुठल्या जातीची आहे ते बघायला हवं. आजारी माणसात आजाराचं कारण शोधणं वेगळं. ठणठणीत माणसाला पुढे काय होऊ शकतं ते शोधणं वेगळं. वाहक चाचणीत त्या माणसाला स्वतःला सहसा काहीच होणार नसतं, प्रश्न पुढच्या पिढीचा असतो. गर्भावस्थेतली चाळणी चाचणी ही चौथी जात. चौघींना एकच संमतिपत्र लावलं जातं तिथेच गडबड सुरू होते.

ठणठणीत माणसाच्या चाचणीसाठी हंटिंग्टन आजाराचं (मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा, सहसा मध्यमवयात सुरू होणारा आनुवंशिक आजार) उदाहरण घेऊ, कारण या क्षेत्रातली शिस्त बरीचशी त्याच आजाराभोवती घडली. जनुक सापडलं १९९३ साली. त्यात डीएनएची सीएजी ही तीन अक्षरं किती वेळा लागोपाठ येतात ते मोजतात. २६ पर्यंत सामान्य. २७ ते ३५ असेल तर त्या व्यक्तीला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत, विशेषतः वडिलांकडून जाताना, आकडा वाढू शकतो. ३६ ते ३९ मध्ये आजार होईल किंवा होणारही नाही. ४० किंवा जास्त असेल आणि माणूस सर्वसाधारण आयुष्य जगला, तर आजार होतोच. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला ५०% शक्यता. आजार थांबवणारा उपचार अजून नाही.

म्हणून इथे चाचणी एका भेटीत उरकत नाहीत. आधी समुपदेशन, मज्जासंस्थेची तपासणी, मानसिक स्थितीचा अंदाज, मग विचार करायला वेळ, मग रक्त, आणि निकाल समोरासमोर. फोनवर नाही, ईमेलवर तर नाहीच. सोबत विश्वासातलं कोणीतरी असावं, पण ते स्वतः त्याच धोक्यात असलेलं भावंड नसावं, कारण ऐकणाऱ्या दोघांच्या मनात एकाच वेळी दोन वेगवेगळी वादळं उठतात. निकालाचं पाकीट तयार असतानाही 'मला आता नको' म्हणायचा हक्क शेवटपर्यंत राहतो, आणि हे वाक्य पहिल्याच भेटीत त्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

पिपेट

चांगला धागा. प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिते.

लोक समजतात की निकाल 'आहे' किंवा 'नाही' असा येतो. प्रत्यक्षात २०१५ पासून बहुतेक प्रयोगशाळा पाच पायऱ्यांचं वर्गीकरण वापरतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, महत्त्व अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. 'बहुधा' म्हणजे इथे ९० टक्क्यांहून अधिक खात्री. मधली पायरी, जिला सगळे व्हीयूएस म्हणतात, तिचा अर्थ एवढाच की जनुकात बदल दिसला, तो चांगला की वाईट ते सांगण्याइतका पुरावा आज नाही. पॅनेलमध्ये (एकाच चाचणीत तपासायच्या जनुकांचा संच) जितकी जास्त जनुकं तितके व्हीयूएस जास्त. '१०० जनुकांचं पॅनेल ५० पेक्षा चांगलं' असं वाटतं, पण त्यातल्या कित्येक जनुकांबद्दल निकाल आला तरी पुढे काय करायचं ते कोणालाच ठाऊक नसतं.

व्हीयूएसवरून शस्त्रक्रिया करायची नाही, औषध बदलायचं नाही, नातेवाइकांना 'तुम्हालाही आहे का बघा' म्हणून पाठवायचं नाही. कुटुंबाच्या इतिहासावरून जी देखरेख ठरली असती तीच चालू ठेवायची. पुढे ज्यांचं वर्गीकरण बदलतं त्यातले बहुतांश निरुपद्रवीकडे सरकतात.

इथे न्यायाचाही प्रश्न आहे. बदल दुर्मीळ आहे की सर्रास आढळतो हे ठरवायला लोकसंख्येची माहिती लागते, आणि जगातले मोठे संच अजूनही युरोपीय वंशाच्या लोकांच्या बाजूला झुकलेले आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारासाठी 'रोगकारक' ठरवलेले काही बदल आफ्रिकन वंशाच्या अमेरिकनांमध्ये सर्रास आढळणारे, निरुपद्रवी होते. मूळ तुलनेत थोडेसे कृष्णवर्णीय लोक घेतले असते तरी ती चूक टळली असती. ज्यांच्या वंशाची माहिती कमी, त्यांना व्हीयूएस जास्त आणि चुकीचे निकालही जास्त.

आता 'निगेटिव्ह'बद्दल. एक्झोम (सगळ्या जनुकांचे प्रथिनं घडवणारे भाग एकत्र वाचणारी चाचणी) निगेटिव्ह आला म्हणजे आनुवंशिक काही नाही, असं अजिबात नाही. हंटिंग्टन किंवा फ्रॅजाइल एक्ससारखी (बौद्धिक वाढीवर परिणाम करणारा आनुवंशिक विकार) अक्षरं वाढत जाणारी उत्परिवर्तनं नेहमीच्या एक्झोममध्ये भरवशाने दिसत नाहीत. डीएनएचे मोठे तुकडे गळाले असतील तर निसटू शकतात. काही जनुकांची जवळपास हुबेहूब जुळी प्रत जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएत, दुसरीकडे असते (एसएमएन१-एसएमएन२ ही जोडी, किंवा पीएमएस२), तिथे वाचन घोटाळतं. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर 'मर्यादा' म्हणून बारीक अक्षरात हे सगळं असतं. ते पान आधी वाचावं.

नमुन्याच्याही भानगडी असतात. दात्याकडून अस्थिमज्जा मिळालेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए येतो, तिथे त्वचेच्या पेशी वाढवून घ्याव्या लागतात. उतारवयात रक्तपेशींमध्ये नव्याने झालेले बदल, विशेषतः टीपी५३ या कर्करोगाला अटकाव करणाऱ्या जनुकामध्ये, जन्मजात असल्यासारखे दिसतात आणि अख्ख्या घराला विनाकारण कर्करोगाची धास्ती लागते. अशा वेळी दुसऱ्या ऊतीतून खात्री करून घेतल्याशिवाय मुलांना बोलावू नये.

पायवाट

वाचतेय. एक प्रश्न. गर्भवतीच्या रक्तावरून होणाऱ्या एनआयपीटी चाचणीच्या माहितीत 'अचूकता ९९% हून अधिक' असं लिहिलेलं असतं. मग निकाल धोक्याचा आला तरी पुन्हा गर्भजल तपासायला का सांगतात? १ टक्क्यासाठी?

शक्यता

@पायवाट, तो ९९% म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम असेल तर चाचणी तो पकडेल याची शक्यता. तुम्हाला हवं आहे ते उलटं: चाचणी धोक्याची आली तर बाळाला खरंच असेल याची शक्यता. हे दोन आकडे फार वेगळे असू शकतात. हिशेबच करून बघू.

समजा १,००,००० गर्भवती, दर १,००० त १ बाळ बाधित. म्हणजे १०० बाळं. चाचणी ९९ पकडते. उरलेल्या ९९,९०० निरोगी गर्भांपैकी फक्त ०.१% ठिकाणी चुकून घंटा वाजते असं धरा. तरी ते १०० होतात. एकूण १९९ धोक्याचे निकाल, त्यातले ९९ खरे. म्हणजे निम्मे.

आता वय जास्त असलेल्या गटात दर १०० त १ बाळ बाधित धरा. ९९० खरे, ९९ खोटे. म्हणजे ९१% खरे. आणि दर ५,००० त १ असा दुर्मीळ आजार घेतला तर २० खरे, १०० खोटे, म्हणजे सहातला एक. चाचणी तीच, यंत्र तेच, अर्थ मात्र तिन्ही ठिकाणी निराळा. गुणसूत्राचे सूक्ष्म तुकडे गळण्याच्या दुर्मीळ विकारांसाठी हीच चाचणी वाढवून देतात तेव्हा प्रत्यक्षात ती ९९ टक्क्यांइतकी संवेदनशीलही नसते, त्यामुळे तिथे चित्र आणखी अंधुक.

खोटा निकाल का येतो, याला जीवशास्त्रीय कारणं आहेत. आईच्या रक्तात तरंगणारे 'बाळाचे' डीएनएचे तुकडे खरं तर वारेतून येतात. कधी कधी गुणसूत्रातला दोष वारेपुरताच असतो, बाळात नसतो. जुळ्यांपैकी एक गर्भ सुरुवातीलाच विरून गेला असेल तर त्याचे तुकडे राहतात. कधी बदल आईचाच असतो. एकाच वेळी अनेक गुणसूत्रांत गोंधळ दिसला तर क्वचित आईला निदान न झालेला कर्करोग असल्याचंही त्यातून कळलं आहे. ही शक्यता चाचणीपूर्वी किती जणींना सांगितली जाते?

म्हणून ही चाळणी आहे, निदान नाही. तेवढ्यावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये. खात्री वारेच्या तुकड्यावरून (साधारण १० ते १३ आठवडे) किंवा गर्भजलावरून (१५ आठवड्यांनंतर) करतात. सोनोग्राफीत काहीच वावगं नसेल आणि दोष वारेपुरता असण्याची शंका असेल तर गर्भजलाची वाट पाहणं बरं, कारण वारेचा तुकडा घेतला तर तीच दिशाभूल पुन्हा होऊ शकते.

रेणूसूत्र

शक्यता, हिशेब नेमका मांडलात. एक जोड देतो. 'निकाल निघाला नाही' हाही निकाल असतो. आईच्या रक्तातला वारेच्या डीएनएचा वाटा अनेक पद्धतींना निदान ४ टक्क्यांच्या आसपास लागतो. गर्भ लहान असेल किंवा आईचं वजन जास्त असेल तर तो कमी पडतो. पण गुणसूत्र १३ आणि १८ च्या दोषांत आणि गुणसूत्रांचे तीन पूर्ण संच असतात तेव्हाही तो कमी असतो. त्यामुळे 'पुन्हा रक्त द्या' एवढंच सांगून मोकळं होणं बरोबर नाही, सोनोग्राफी आणि पुढचे पर्याय मांडायला हवेत.

आणि चाचणी नको म्हणणं हाही पूर्ण पर्याय आहे. गर्भवतीला विचारताना 'ही पण करून टाकू' असं म्हटलं की तो पर्याय नाहीसा होतो. विचारायचं ते असं: बाळाला अमुक आहे असं कळलं तर त्याचा तुम्हाला काय उपयोग होईल? कोणी म्हणेल तयारीसाठी, कोणी म्हणेल निर्णयासाठी, कोणी म्हणेल काहीच नाही. तिन्ही उत्तरं योग्य आहेत. डाऊन सिंड्रोमबद्दल माहिती देतानाही फक्त आजारांची यादी वाचून दाखवू नये. असं मूल वाढतं कसं, शिकतं कसं, कुठला आधार लागतो, हेही त्याच बैठकीत यायला हवं.

बालरोग

मुलांच्या चाचण्यांबद्दल लिहितो, कारण तिथे आई-वडिलांचा आग्रह फार असतो आणि तो मायेपोटी असतो.

नियम ढोबळमानाने असा: बालवयात काही करता येण्यासारखं असेल तर बालवयात चाचणी, नाहीतर मूल मोठं होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबायचं. आरईटी जनुकातल्या सर्वात आक्रमक बदलात थायरॉइडचा कर्करोग इतक्या लवकर होतो की वयाच्या पहिल्या वर्षातच ग्रंथी काढण्याचा सल्ला देतात, त्याच जनुकातल्या दुसऱ्या एका गटात साधारण पाचव्या वर्षापर्यंत. तिथे चाचणी लांबवणं हाच अन्याय. एपीसी जनुकामुळे आतड्यात शेकडो गाठी होतात, देखरेख दहा-बारा वर्षांपासून सुरू होते, मग चाचणीही त्या सुमारास. याउलट बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ (यांतल्या दोषामुळे स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) साठी सात वर्षांच्या मुलीचं रक्त घेऊन तिच्या हिताचं काहीच होत नाही, देखरेख प्रौढ वयातच सुरू होते. हंटिंग्टनसाठी तर लक्षणं नसलेल्या मुलाची चाचणी करूच नये.

'पालकांना जाणून घ्यायचा हक्क नाही का?' असं विचारलं जातं. पालकांची घालमेल मी कमी लेखत नाही. पण त्या निकालासोबत पुढची साठ-सत्तर वर्षं काढायची आहेत ती मुलाला. घरात दोन भावंडं असतील, एकाचा निकाल आला आणि एकाचा नाही, तर वाढवण्याची पद्धत नकळत बदलते.

उजेड

मला हे पटत नाही. ज्ञान लपवून कोणाचं भलं झालंय? प्रौढ माणसांच्या बाबतीत तरी 'न कळण्याचा हक्क' ही पळवाट वाटते. माहीत असेल तर लग्न, मुलं, पैसे, सगळ्याचं नियोजन करता येतं.

रेणूसूत्र

@उजेड, ज्यांना नियोजन करायचं आहे त्यांना चाचणी मिळालीच पाहिजे, यात वाद नाही. प्रश्न आहे तो 'सर्वांनी जाणलंच पाहिजे' या गृहीताचा. हंटिंग्टनची चाचणी येण्यापूर्वी धोक्यातल्या लोकांना विचारलं तेव्हा बरेच जण करून घेऊ म्हणाले होते. प्रत्यक्षात आली तेव्हा करून घेणारे त्याहून पुष्कळ कमी निघाले, बहुतेक देशांत अगदी थोडे. हे लोक अडाणी नव्हते. घरात आजार पाहिलेले होते. करता येण्यासारखं काही नसताना ५०% ची आशा त्यांना हवी होती.

आणि आता खरा पेच. आजोबांना हंटिंग्टन, वडिलांना ५०% धोका आणि त्यांना जाणून घ्यायचं नाही, नातीला २५% धोका आणि तिला जाणून घ्यायचं आहे. नातीचा निकाल पॉझिटिव्ह आला तर वडिलांचाही आपोआप लागला. तिचा हक्क बजावला की त्यांचा संपला. इथे कुठलाही नियम सगळ्यांचं समाधान करत नाही. बहुतेक केंद्रं आधी वडील आणि मुलगी दोघांना वेळ देतात, जमलं तर एकत्र बोलतात. वडिलांनी आधी चाचणी केली आणि निगेटिव्ह आली तर मुलीचा प्रश्नच मिटतो, हे त्यांच्यापुढे मांडतात. एकमत नाहीच झालं तर सहसा मुलीचा जाणण्याचा हक्क वरचढ मानतात, पण निकाल ती घरात कसा ठेवणार आहे, बोलून जाणार का, चेहऱ्यावर दिसणार का, याची उजळणी आधी करून घेतात. जुळी एकसारखी असतील तर एकाचा निकाल तोच दुसऱ्याचा, त्यामुळे हा पेच ५०% धोक्यावरच उभा राहतो.

तिला मूल हवं असेल आणि कोणालाच काही कळायला नको असेल तर एक वाट आहे. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, आजोबांकडून आलेली गुणसूत्राची प्रत नसलेलेच गर्भ ठेवायचे आणि आई-वडिलांपैकी कोणाचाही निकाल उघड करायचा नाही. यात तोटा असा की ज्या प्रतीत दोष नसेलही, तीही टाकली जाते. ज्या बाईला मुळात धोकाच नाही तिला सगळं इंजेक्शन-उपचाराचं चक्र सोसावं लागू शकतं. हे आधी सांगायलाच हवं.

उजेड

नातीचं उदाहरण वाचून मुद्दा कळला. एकाची माहिती दुसऱ्याची होऊन जाते हे लक्षात घेतलं नव्हतं. पण मग उलट प्रसंगात काय? रुग्णच घरच्यांना सांगायला नकार देत असेल, आणि घरच्यांना त्यातून वाचता येण्यासारखं असेल तर?

कलमकायदा

या प्रश्नावर न्यायालयांत पुष्कळ खल झालाय. अमेरिकेत फ्लोरिडाच्या न्यायालयाने १९९५ साली म्हटलं की डॉक्टरने रुग्णाला 'तुमच्या मुलांनाही धोका आहे' असं सांगितलं म्हणजे कर्तव्य पार पडलं. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९९६ साली त्यापुढे जाऊन म्हटलं की थेट नातेवाइकांना सावध करण्यासाठी वाजवी पावलं उचलणंही कर्तव्यात येऊ शकतं. एका वर्षाच्या अंतराने दोन वेगळी उत्तरं.

इंग्लंडमध्ये २०२० साली आलेला निकाल सर्वात बारकाईने वाचण्यासारखा आहे. वडिलांना हंटिंग्टन असल्याचं डॉक्टरांना ठाऊक होतं, मुलगी गर्भवती होती, वडिलांनी सांगू नका म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं नाही. पुढे तिलाही तो आजार येणार असल्याचं निष्पन्न झालं. न्यायालयाने मान्य केलं की अशा परिस्थितीत रुग्णाची गोपनीयता आणि मुलीचं हित या दोन्हींचा तोल बघण्याचं कायदेशीर कर्तव्य असू शकतं. दावा मात्र ती हरली, कारण या प्रकरणात डॉक्टरांनी तो तोल वाजवीपणे बघितला होता असं ठरलं. फ्रान्समध्ये वेगळीच वाट आहे. करता येण्याजोगं काही असेल तर नातेवाइकांना कळवण्याची जबाबदारी कायद्याने रुग्णावरच, आणि त्याला स्वतः बोलायचं नसेल तर डॉक्टर त्याचं नाव न घेता पत्र पाठवू शकतात.

निष्कर्ष म्हणून सरसकट नियम सांगता येत नाही, तुमच्या देशाचा कायदा बघावा लागतो. पण एक गोष्ट सगळीकडे लागू पडते: हा प्रश्न चाचणीपूर्वीच्या संमतीत विचारून ठेवावा. 'निकाल तुमच्या भावंडांच्या जिवाशी संबंधित निघाला तर त्यांना कळवायला तुमची परवानगी आहे का?' आधी विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. धक्का बसल्यावर विचारलं तर तोंडातून नकार निघतो.

रेणूसूत्र

अगदी बरोबर. मी याकडे बँकेतल्या संयुक्त खात्यासारखं बघतो. आजार, लक्षणं, उपचार हे त्या रुग्णाचं खासगी, पण जनुकातला बदल हा अनेकांच्या नावावर असलेला.

नकाराची कारणं विचारली की बरीच दारं उघडतात. अनेकदा गोपनीयतेचा प्रश्नच नसतो. भावाशी दहा वर्षं बोलणं नाही, मुलीचं लग्न ठरायचंय, मुलांना आपल्यामुळे मिळालं ही अपराधी भावना, किंवा नेमकं काय सांगायचं तेच समजलेलं नसतं. शेवटच्या कारणाला नातेवाइकांना द्यायचं कुटुंबपत्र हा उत्तम उपाय. त्यात जनुकाचं नाव, बदल जसाच्या तसा प्रमाणित लिपीत (कुठल्या संदर्भ-प्रतीवर मोजलाय त्या क्रमांकासह), कोणाला चाचणी सुचवावी आणि कोणत्या वयात, आणि कुठल्या प्रकारच्या दवाखान्यात जावं हे असावं. रुग्णाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय घालू नये. बदल नेमका लिहिला नसेल तर नातेवाइकाची प्रयोगशाळा पुन्हा अख्खं पॅनेल करते, नवे व्हीयूएस निघतात आणि गोंधळ दुप्पट होतो.

पिपेट

कुटुंबाचा विषय निघालाय तर पितृत्वाबद्दल. मूल आणि आई-वडील अशा तिघांचे नमुने एकत्र तपासले की वडील जैविक वडील नाहीत हे दिसू शकतं. गुणसूत्रांच्या सूक्ष्म तपासणीत आई-वडील रक्ताने जवळचे नातेवाईक असल्याचंही दिसतं, कधी कधी त्यामागे अत्याचार असू शकतो. हे दोन्ही संमतीत आधी लिहिलेलं असावं.

पण प्रयोगशाळेतल्या नव्या मंडळींना आवर्जून सांगते: वडील वाहक निघाले नाहीत की लगेच तो निष्कर्ष काढू नका. अप्रभावी आजाराच्या (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणाऱ्या) मुलात दोन्ही प्रतींत एकच दोष दिसतोय आणि वडिलांत नाही, याची बरीच स्पष्टीकरणं आहेत. वडिलांकडून आलेल्या प्रतीतला तो तुकडाच गळालेला असेल, मग आईचीच प्रत दोनदा असल्याचा भास होतो. दोन्ही गुणसूत्रं आईकडूनच आली असतील. चाचणीतला प्रायमर (जनुकाच्या ठरलेल्या जागी चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) एका प्रतीवर बसला नसेल. बदल नव्याने झाला असेल. नळ्यांची अदलाबदल तर असतेच. आधी नवीन नमुना, मग तुकड्यांची मोजणी, मग इतर गुणसूत्रांवरचे खुणेचे ठिपके. एवढं होऊनही तसंच निघालं तर पाठवणाऱ्या डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलायचं, रिपोर्टात ते वाक्य छापायचं नाही. पुढच्या बाळाचा धोका मात्र खरा सांगावाच लागतो, आणि तो त्या निष्कर्षाने बदलतो. तिथे आईला एकटीला भेटून बोलणं हा मार्ग सुचवला जातो, पण त्यालाही आक्षेप आहेत, कारण रुग्ण म्हणून वडीलही समोर बसलेले असतात.

पायवाट

न मागितलेल्या इतर गोष्टी निघतात त्यांचं काय? म्हणजे अपस्मारासाठी चाचणी केली आणि कर्करोगाचं जनुक सापडलं.

पिपेट

अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्र महाविद्यालयाने, एसीएमजीने, २०१३ साली ५६ जनुकांची यादी काढली: एक्झोम करताना ही मुद्दाम बघावीत, कारण सापडलं तर जीव वाचू शकतो. तेव्हा रुग्णाला नकार द्यायची मुभाच नव्हती, त्यावर मोठा वाद झाला आणि २०१४ साली नकाराचा पर्याय दिला गेला. यादी वाढत गेली, २०२३ च्या आवृत्तीत ८१ जनुकं. सगळे देश हे स्वीकारत नाहीत. युरोपातला सूर 'विचारलेल्या प्रश्नापुरतंच वाचा' असा जास्त सावध आहे.

व्यवहारात: संमतिपत्रावर 'दुय्यम निष्कर्ष हवेत / नकोत' ही चौकट असते. ती रिकामी सोडू नका, आणि दोन्हींचा अर्थ विचारून घ्या. 'हवेत' म्हणून निगेटिव्ह आलं तरी यादीतल्या जनुकांची खात्री मिळाली असं नव्हे.

शक्यता

घरबसल्या लाळ पाठवून करायच्या चाचण्यांवर कोणी लिहिलं नाही, थोडक्यात लिहितो. या चाचण्या ठरावीक ठिपके वाचतात, अख्खं जनुक वाचत नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०१८ साली एका कंपनीला बीआरसीएच्या फक्त तीन बदलांसाठी परवानगी दिली, आणि ते तिन्ही मुख्यतः अश्केनाझी ज्यू वंशाच्या लोकांत आढळणारे आहेत. इतरांना 'काही सापडलं नाही' या निकालातून जवळपास काहीच कळत नाही. उलट कच्ची माहिती उतरवून दुसऱ्या संकेतस्थळावर टाकली की भलतंच निघतं. २०१८ सालच्याच एका अभ्यासात अशा कच्च्या माहितीतून आलेले सुमारे ४०% बदल वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्यावर नव्हतेच. तेव्हा पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, नवीन नमुन्यावर खात्री केल्याशिवाय त्यावर काहीही करू नये.

कलमकायदा

आणि माहितीची राखण. डीएनएची रचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक, जेम्स वॉटसन यांचा जीनोम जाहीर केला तेव्हा त्यांनी अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेलं एपीओई जनुक तेवढं झाकायला सांगितलं होतं. नंतर संशोधकांनी दाखवून दिलं की आजूबाजूच्या खुणांवरून ते ओळखता येऊ शकतं, तेव्हा शेजारचा भागही झाकावा लागला. नाव काढून टाकलं की डीएनए निनावी झाला, हा समज सोडून द्यायला हवा.

२०१८ साली कॅलिफोर्नियातला जुना खुनी त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएवरून सापडला. गुन्हेगार पकडला गेला हे चांगलंच, पण त्या नातेवाइकांनी यासाठी संमती दिलेली नव्हती. २०२३ साली ट्वेंटीथ्रीअँडमी या कंपनीच्या सुमारे १४,००० खात्यांत घुसखोरी झाली, आणि 'नातेवाईक शोधा' या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती उघडी पडली. मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा हा साठा कोणाच्या हातात जाणार हा प्रश्न उभा राहिला. ज्यांनी आधीच नमुना दिलाय त्यांनी खात्यात जाऊन नातेवाईक-जुळणी बंद करावी, साठवलेला नमुना नष्ट करायची लेखी विनंती करावी, संशोधनाची संमती काढून घ्यावी. पूर्ण झालेल्या संशोधनातून माहिती परत येत नाही.

विम्याबद्दल: अमेरिकेत २००८ सालचा जीना कायदा आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकीय भेदभावाला मनाई करतो. जीवन विमा, अपंगत्व विमा, दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्यात येत नाहीत. इतर देशांत नियम वेगळे. धोका दाखवणाऱ्या चाचणीआधी आपल्याकडच्या नियमात कुठला विमा बसतो ते बघून घ्या, अर्जावर खोटं मात्र लिहू नका.

पायवाट

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: घरात कर्करोग बराच आहे, पण आजारी असलेली एकच व्यक्ती हयात आहे आणि तिची तब्येत फार नाजूक आहे, अशा घरात सुरुवात कुठून करायची?

रेणूसूत्र

त्या व्यक्तीपासूनच, तिची इच्छा असेल तर. निरोगी नातेवाइकाची चाचणी आधी केली आणि निगेटिव्ह आली, तर दोष घरात आहे पण त्याला मिळाला नाही, की आपण चुकीच्या जागी शोधतोय, हे कळत नाही. आजारी माणसात नेमका बदल सापडला की बाकीच्यांना तेवढाच एक बदल तपासायचा, आणि तिथे निगेटिव्ह म्हणजे खरंच निगेटिव्ह. बीआरसीए१ सापडलं तर ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ७२% आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाची ४४% आहे असं एका मोठ्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे बाकीच्यांसाठी ही माहिती खरोखर मोलाची आहे.

पण ती त्यांच्यासाठी मोलाची आहे म्हणून आजारी व्यक्तीवर दबाव नको. तिला एकटीला विचारा. चाचणीचं आत्ता सोसवत नसेल तर डीएनए जपून ठेवणं हा मधला मार्ग आहे: ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत, जिचं झाकण जांभळं असतं, ५ ते १० मिली रक्त घेऊन डीएनए वेगळा काढून गोठवतात, चाचणी नंतर कधीही होते. रक्त काढतानाच लेखी घ्यायचं की तपासणी तिच्या पश्चात करायला परवानगी आहे का, कुठल्या आजारांपुरती, आणि निकाल कोणाला द्यायचा, नावानिशी. नाव लिहिलेलं नसेल तर नमुना शीतकपाटात पडून राहतो आणि कोणाच्या सहीने तो उघडायचा यावर भावंडांत भांडण लागतं. आधी शस्त्रक्रिया झालेली असेल तर मेणात जपलेला गाठीचा तुकडाही उपयोगी पडतो, पण त्यातला डीएनए तुटलेला असतो आणि गाठीत नव्याने झालेले बदलही त्यात मिसळतात, त्यामुळे रक्त मिळत असेल तर रक्तच घ्या.